उचलफेरी वगळून

धावणे ही क्रिया पूर्वी पुराव्याविना होत असे, आणि त्यामुळे ती कोणी केली, किती केली व मुळात केली की नाही, याबद्दल समाजात कायम संभ्रम राही. माणूस सकाळी बाहेर पडे, घामाघूम होऊन परत येई आणि घरची मंडळी त्याच्या घामावर विश्वास ठेवत. सगळा व्यवहार भरवशावर चाले. घाम कशानेही येतो (जिना, ताप, साहेब), ही साधी गोष्ट त्या भाबड्या काळात कुणाच्या लक्षात आली नव्हती. खिशाखिशात कॅमेरा आल्यापासून परिस्थिती पुष्कळच सुधारली आहे. आता जे चित्रित झालं ते धावणं. बाकीची नुसती दगदग.

ही सुधारणा जवळून पाहायची असेल तर कालव्याकाठच्या रस्त्यावर सकाळी सहा ते आठ या वेळात उभं राहावं. (बसू नये. बाक राखीव आहे. कशासाठी, ते येईलच.) रस्ता दोन किलोमीटर लांब आणि सरळ. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला विजेचे खांब, दोन खांबांत पंचेचाळीस मीटरचं अंतर. इथे 'कालवाकाठ धावक मंडळा'चे चौदा सभासद धावतात. चौदाही जणांचं स्वतःचं चॅनेल आहे, चौदाही जण नवशिक्यांना मार्गदर्शन करतात, आणि एकही जण नवशिका नसल्यामुळे मार्गदर्शन वाया जाण्याचं प्रमाण शून्य आहे.

चौदा जण एकाच रस्त्यावर चौदा स्टँड लावून धावू लागले की शिस्त लागते. मंडळाने ती नियमावलीत बांधून दिली आहे. चित्रीकरण चालू असलेल्या सभासदाला रस्ता द्यावा, नुसत्या धावणाऱ्याने थांबावं. चौकटीत असताना ओळख दाखवू नये. नमस्कार उरकायचे असतील तर खांब क्रमांक चारच्या मागे उरकावेत. दुखापत सोमवारी करावी, म्हणजे गुडघ्याचा पट्टा सर्वांना आळीपाळीने वापरता येतो. बाकाचा वापर फक्त हताश बसण्यासाठी करावा. (प्रत्येक आठवड्यात 'आज धावायची इच्छाच होत नव्हती, पण...' असा एक व्हिडिओ टाकावा लागतो. त्यासाठी डोकं हातात धरून बसायचं असतं. गुरुवारी या बाकासाठी वीस-वीस मिनिटं रांग असते आणि रांगेतली माणसं अत्यंत उत्साही असतात.)

सगळ्यात अवघड प्रश्न सूर्याचा होता. सूर्य रोज एकदाच उगवतो, आणि तोही दहाव्या खांबाशेजारूनच नीट दिसतो. त्यामुळे वेळापत्रक करावं लागलं. प्रत्येकाच्या वाट्याला पंधरवड्यातून एक सूर्योदय येतो. मंडळाचे अध्यक्ष, जे दातांचे डॉक्टर आहेत व धावताना अखंड हसतात, संध्याकाळी सूर्यास्ताचं चित्रीकरण करून ते उलटं चालवतात. त्यात ते मागे मागे पळताना दिसू नयेत म्हणून मुळात मागे मागे पळतात. हसू मात्र दोन्हीकडून सारखंच दिसतं.

या मंडळात आकड्यांच्या बाबतीत कोणाचा शब्द प्रमाण मानायचा, तर तो निरीक्षकांचा.

निरीक्षक वजनमापे खात्यात आहेत. दुकानोदुकानी जाऊन तराजू तपासायचे, खऱ्याला शिक्का मारायचा आणि खोट्याला सील ठोकायचं, हे त्यांचं एकवीस वर्षांचं काम. वय सेहेचाळीस. पोट आहे, पण नोंदलेलं आहे. इतर सभासद तीन किलोमीटरचे पाच सांगतात, गाडीने गेलेलंही घड्याळात धरतात, एकाने तर घड्याळ कुत्र्याच्या गळ्यात बांधल्याचं उघड आहे. निरीक्षकांनी साडेतीन वर्षांत एक मीटर खोटा लिहिला नाही. त्यांची पद्धत अशी:

एका खांबाशी स्टँडवर फोन लावायचा. दहा पावलं मागे जायचं. घड्याळ सुरू करून फोनच्या शेजारून धावत पुढे निघायचं, ते थेट दोन खांब ओलांडून, म्हणजे नव्वद मीटर. तेवढ्या अंतरावर माणूस पुरेसा लहान दिसतो आणि बघणाऱ्याला वाटतं, हा आता काही परत येत नाही. तिथे घड्याळ बंद. मग चालत मागे यायचं, वाकून फोन उचलायचा, पोट कितपत आलं आहे ते बघायचं, पसंत पडलं तर फोन घेऊन पुन्हा नव्वद मीटर चालत जायचं आणि पुढच्या जागी स्टँड लावायचा. फोन आणायला मागे जाण्याच्या या चालीला मंडळात 'उचलफेरी' म्हणतात. उचलफेरी धावण्यात धरत नाहीत. ती प्रेक्षकांना दिसत नाही. आणि जे दिसत नाही ते निरीक्षक लिहीत नाहीत.

एका सकाळी असे बावीस शॉट होतात. बावीस गुणिले नव्वद, एकूण १,९८० मीटर. महिन्याचे ५९.४ किलोमीटर. दुसरा कोणी असता तर साठ म्हणाला असता. निरीक्षक साठ म्हणाले नाहीत, कधीच.

एका सकाळच्या एकशे दहा मिनिटांचा तपशील खालीलप्रमाणे: धावणे, तेरा मिनिटे, धावले पण पसंत पडले नाही, आठ मिनिटे, चालणे, अठ्ठेचाळीस मिनिटे, स्वतःला पाहणे, चोवीस मिनिटे, दुसऱ्याने चौकटीतून जाण्याची वाट पाहणे, नऊ मिनिटे, आणि धापा टाकत मार्गदर्शन करणे, आठ मिनिटे. शेवटची बाब दिसते तेवढी सोपी नाही. फोन नीट लावून होईपर्यंत दम निघून जातो, आणि दम न लागलेल्या माणसाचं मार्गदर्शन कोणी ऐकत नाही. म्हणून जागच्या जागी दहा उड्या मारून तो परत आणावा लागतो.

चॅनेलवर निरीक्षकांचे ९,४१२ सदस्य. ते त्यांना 'सर' म्हणतात.

हे 'सर' प्रकरण नीट समजून घेतलं पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. बाजारात निरीक्षक शिरले की 'आले, आले' एवढंच म्हणतात आणि वजनं काउंटरखाली जातात. कचेरीत त्यांना 'ते मापवाले' म्हणतात. घरी 'अहो'. सबंध आयुष्यात त्यांना कोणी आपणहून, काम नसताना, 'सर' म्हटलं असेल तर ते या ९,४१२ जणांनी. सकाळी दात घासायच्या आधी ते फोन उघडून बघत. 'सर, तुमच्यामुळे उठलो.' 'सर, आजचा सतरावा शॉट अप्रतिम.' मग दिवसभर लोकांनी तोंडं फिरवली तरी चालून जाई.

निरीक्षकांची बायको दवाखान्यात नर्स आहे. (ती वॉर्डावॉर्डातून रोज अंदाजे नऊ किलोमीटर चालते, परंतु त्याचं चित्रीकरण उपलब्ध नसल्याने ते इथे धरलेलं नाही.) तिची या छंदाला हरकत नव्हती. न्याहारीचं अंडं कॅमेऱ्यासाठी तीनदा सोलावं लागलं आणि त्यात तीन अंडी गेली, तेव्हाही ती काही बोलली नाही. पण एका रविवारी निरीक्षकांना 'धावून आल्यावर घरच्यांचं कौतुक' असा एक प्रसंग हवा होता. बायकोने दार उघडायचं आणि चकित होऊन म्हणायचं, 'अगंबाई, आलात पण?' एवढंच.

सातव्यांदा बेल वाजल्यावर तिने दार उघडलं आणि दारातच उभी राहिली.

"अहो, मी सात वेळा दार उघडलं. सातही वेळा तुम्हीच होतात. आता आश्चर्य आणू कुठून?"

"अगं, थोडं डोळ्यांत आण. पाचव्याला आलं होतं, पण मागे तुझा भाऊ खाताना दिसला."

तिचा भाऊ, म्हणजे निरीक्षकांचा मेव्हणा, लिफ्ट दुरुस्त करतो आणि रविवारी बहिणीकडे न्याहारीला असतो. तो आतून म्हणाला, "दाजी, मी खाली बसून खाऊ का? टेबलाखाली?"

"तू गप रे," बायको म्हणाली. मग निरीक्षकांकडे बघून, आवाज न चढवता: "एक विचारू? तुम्ही धावता, की धावल्यासारखं करता?"

वजनमापे खात्याच्या माणसाला हे विचारणं म्हणजे फार झालं. निरीक्षक आत आले, वही काढली, साडेतीन वर्षांचे मीटर टेबलावर ठेवले. एकही खोटा असेल तर दाखव म्हणाले. बायकोने वही चाळली. तिला रुग्णांचे तक्ते वाचायची सवय.

"सगळे नव्वद-नव्वदच आहेत," ती म्हणाली.

"बेरीज बघ ना."

"बेरीज नको. एकदा, एकच शर्यत, सलग धावून दाखवा. मध्ये थांबायचं नाही, चालायचं नाही, मागे वळायचं नाही. दाखवलीत, तर या विषयावर जन्मात चकार शब्द काढणार नाही. दिवसातून सत्तर वेळा दार उघडीन. नाही जमलं, तर त्याच दिवशी चॅनेल बंद."

"कायमचं?"

"कायमचं."

"ताई बरोबर बोलतेय, दाजी," मेव्हणा म्हणाला. "आमच्याकडे पण लिफ्ट एकदा वरपासून खालपर्यंत सलग चालवून दाखवल्याशिवाय कोणी सही करत नाही."

निरीक्षकांच्या डोळ्यांपुढून ९,४१२ 'सर' एका ओळीत निघून गेले. पण प्रश्न मापाचा होता. ते हो म्हणाले.

शर्यत पाच आठवड्यांवर होती. दहा किलोमीटरची, एका गादी कंपनीने चांगल्या झोपेच्या प्रचारार्थ ठेवलेली. तिचा सातवा नियम होता: 'मार्गावर कोणत्याही प्रकारचा स्टँड लावता येणार नाही.' मंडळात हा नियम वाचल्यावर खळबळ उडाली; अध्यक्षांनी हसत हसत निषेध नोंदवला; तरी चौदाही जणांनी नावं दिली. निरीक्षकांनी तयारीचे पस्तीस भाग काढले. भाग चार: बूट कसे बांधावेत. भाग नऊ: बूट का सुटतात. भाग एकवीस: भीतीशी मैत्री (बाकावर). या पाच आठवड्यांत त्यांनी सगळं केलं. फक्त दहा किलोमीटर सलग धावून बघितलं नाही, आणि त्याला कारण होतं. सलग धावायचं तर फोन मागे राहतो. फोन मागे राहिला की चित्रीकरण नाही, आणि चित्रीकरणाशिवाय केलेली तयारी ही तयारी आहे असं कोण म्हणेल? निदान खात्याच्या नियमांत बसणार नाही.

शर्यतीच्या दिवशी सकाळी साडेसहाला २,११४ धावक रेषेमागे उभे होते. निरीक्षकांनी फोन बायकोच्या हातात दिला. ती मेव्हण्याच्या स्कूटरवर मागे बसून, मार्गालगतच्या लेनमधून, पंच म्हणून येणार होती. "हे बघा," ती म्हणाली, "मी डोळ्यात तेल घालून बघणार आहे. एक पाऊल चाललात तरी लिहून घेईन." निरीक्षकांनी मान डोलावली.

शिट्टी वाजली. निरीक्षक उत्तम धावले. गुडघे वर, खांदे सैल, नजर दूर. साडेतीन वर्षांची मेहनत प्रत्येक पावलात दिसत होती. असे ते नव्वद मीटर धावले.

आणि वळले.

वळले ते निरीक्षक नव्हेत, त्यांचे पाय. (शरीराला सलग हजार दिवस जे शिकवावं ते ते विसरत नाही, हे त्यांनी स्वतःच भाग चौदामध्ये सांगितलं होतं.) त्यांचा हात आपोआप घड्याळावर गेला, घड्याळ बंद झालं, आणि ते समोरून येणाऱ्या दोन हजार माणसांतून शांतपणे, चालत, मागे निघाले. त्याआधीच साठ मीटरवर दातांचे डॉक्टर वळले होते. त्यांचं हसू तेवढंच अंतर टिकत असल्याने त्यांचे शॉट आखूड असत. बाकीचे बारा जण आपापल्या मापाने वळले. जो गोंधळ उडाला त्याचं वर्णन आयोजकांच्या अहवालात 'अंतर्गत वाहतूक' असं केलेलं आहे. एकाने डॉक्टरांना धडक दिली आणि धडक देणाऱ्याचाच दात हलला. अध्यक्षांनी त्याला तिथल्या तिथे मंगळवारची वेळ दिली.

गर्दी पुढे निघून गेली. निरीक्षक सुरुवातीच्या रेषेपाशी परत आले, वाकले आणि जमिनीकडे हात नेला.

तिथे काही नव्हतं.

ते तसेच वाकलेले राहिले. मग हळूहळू सरळ झाले आणि रिकाम्या हाताकडे बघत उभे राहिले. कोणीतरी टाकलेली पाण्याची बाटली रस्त्यावरून घरंगळत गेली. आपण काय केलं हे त्यांना कळलं होतं. बायकोच्या अटी तीन होत्या: थांबायचं नाही, चालायचं नाही, वळायचं नाही. तिन्ही एका मिनिटात मोडून झाल्या होत्या.

"ताई, जिंकलीस!" मेव्हणा म्हणाला. "एवढ्यात! चला, न्याहारीला घरी."

बायको नवऱ्याकडे बघत होती. सकाळच्या राउंडला ज्या माणसाला सांगायचं असतं की आज घरी सोडणार नाहीत, त्याच्याकडे ती असं बघते.

"गप रे," ती म्हणाली. "स्कूटर चालू कर."

"अगं, पण ते हरले ना?"

"चालू कर म्हटलं ना." ती स्कूटरवर उलटी बसली, तोंड मागे करून, फोन दोन्ही हातांनी वर धरला आणि ओरडली, "अहो! मागे काय बघताय? फोन इकडे आहे! पुढे!"

निरीक्षकांनी वर पाहिलं. फोन पुढे होता. साडेतीन वर्षांत प्रथमच फोन पुढे होता, आणि पुढे पुढे चालला होता. पायांना दुसरं काही माहीत नव्हतं. ते फोन आणायला निघाले.

सातव्या नियमात स्कूटरचा उल्लेख नव्हता. मेव्हणा ताशी सव्वासहा किलोमीटर वेगाने स्कूटर चालवत होता. हे काम लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाशी गप्पा मारण्याइतकं कंटाळवाणं असल्याचं त्याने नंतर सांगितलं. दर किलोमीटरला निरीक्षक विचारत, "येतोय का मी?"

"येताय, येताय."

"पूर्ण?"

"बुटांपासून टकलापर्यंत. बोलू नका."

सहाव्या किलोमीटरला निरीक्षकांचा चेहरा वांग्याच्या रंगाचा झाला. "अगं, जरा... थांबू?"

"थांबा की. आत्ता बंद करते चॅनेल, फोन हातातच आहे." त्यांची पावलं जड झाली तशी ती ओरडली, "चला सर! नऊ हजार चारशे बारा लोक बघतायत!"

"आणि मी एक, दाजी," मेव्हणा म्हणाला. "पण मला मागे बघता येत नाहीये."

निरीक्षकांनी दहा किलोमीटर एक तास सदतीस मिनिटं चाळीस सेकंदांत पूर्ण केले. क्रमांक २,१०१. (त्यांच्यामागे उरले होते ते मंडळाचे तेरा सभासद, ते अजून उचलफेरीत होते.) गळ्यात उशीच्या आकाराचं पदक पडलं. ते पदपथावर बसले, पाय पसरले, आणि बोलता येऊ लागल्यावर हात पुढे करून म्हणाले, "दाखव."

बायकोने फोन दिला. त्यांनी बघितलं. पुन्हा बघितलं. मग तिच्याकडे बघितलं.

"अगं, यात काहीच नाही."

"काही नाही म्हणजे?"

"बटण दाबलं नाहीस?"

"दाबायचं असतं होय?" ती म्हणाली. "मी बघत होते ना."

मेव्हणा स्कूटरचं चाक तपासू लागला. त्याला काहीही झालेलं नव्हतं.

"सगळं बघितलंस?" निरीक्षकांनी विचारलं.

"दहाच्या दहा किलोमीटर. उलटं बसून. मान गेलीय माझी."

"कसा दिसत होतो?"

"सातव्याला फार वाईट दिसलात. मला वाटलं, आता नेते दवाखान्यात. मग सुधारलात."

निकाल तिने तिथेच दिला: शर्यत पूर्ण, चॅनेल चालू. सुरुवातीच्या नव्वद मीटरांबद्दल मेव्हण्याने हरकत घेतली, तेव्हा ती चाचणी होती, मोजायची नसते, असं ती म्हणाली. "ताई, हे फाउल आहे!" "तू तुझी लिफ्ट बघ."

आता चॅनेल वाचलं होतं आणि टाकायला काही नव्हतं. निरीक्षक दुसऱ्या दिवशी सकाळी उठले, फोन टेबलावरच राहिला (विसरला की ठेवला, याची नोंद नाही), आणि ते कालव्याकाठी जाऊन दोन किलोमीटर गेले व दोन आले. न वळता, म्हणजे एकदाच वळून. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. एकशे दहा मिनिटांचं काम सत्तावीस मिनिटांत होतं, आणि अंतर दुप्पट भरतं, हे लक्षात आल्यावर त्यांनी दोनदा बेरीज तपासली. असे अकरा दिवस गेले. चॅनेलवर काही आलं नाही.

मंडळाने मात्र सोमवारी बैठक घेऊन शर्यत 'चित्रीकरणाअभावी रद्द' ठरवली, आणि लगेच कालव्याकाठी 'शर्यत कशी पूर्ण करावी' हा व्हिडिओ काढला. तो चाळीस हजार लोकांनी पाहिला.

बाराव्या दिवशी निरीक्षकांकडे शिष्टमंडळ आलं. दोन पुरुष, एक बाई, तिघांच्या अंगावर धावण्याचे कपडे, पायांत धावण्याचे बूट. बुटांचे तळवे मात्र दुकानातून आणल्यासारखे कोरे होते. तिघं सोफ्यावर बसले. बायकोने चहा ठेवला आणि दाराशी उभी राहिली.

"सर," पहिला म्हणाला, "तुम्ही धावायचं का थांबवलंत?"

"थांबवलं नाही. रोज धावतो."

"मग दिसत कसं नाही?"

हा प्रश्न साडेतीन वर्षं निरीक्षकांचाच होता.

"तुम्ही थांबलात आणि आमचं सगळं कोलमडलं, सर," दुसरा म्हणाला. "तीन वर्षं मी रोज तुमच्याबरोबर धावतोय. एक दिवस चुकवला नाही. ताप होता तेव्हासुद्धा. आता अकरा दिवसांत माझं वजन एक किलो आठशे वाढलं."

"कुठल्या काट्यावर?" निरीक्षकांनी सवयीने विचारलं.

"घरच्या."

"तपासून घेतलाय?" मग ते पुढे झुकले. "एक मिनिट. बरोबर धावता म्हणजे? कुठे धावता?"

"तुमच्याबरोबर. सुरुवात अंथरुणात होते. मग तिसरा शॉट आला की उठून बसतो."

"मी नवव्या शॉटला चहा ठेवते," बाई म्हणाल्या. "सर, तुमच्या त्या सोमवारच्या गुडघ्यानंतर माझाही दुखतोय हो. मी पण पट्टा आणला."

"रोज किती होतात तुमचे?"

"तुमच्याइतकेच, सर," तिघं एकदम म्हणाले. "एक हजार नऊशे ऐंशी."

निरीक्षकांनी चहाचा कप खाली ठेवला. एकवीस वर्षांत त्यांनी बरेच खोटे काटे पाहिले होते: खाली चुंबक लावलेले, पारड्याला मेण लावलेले. पण पारड्यात काहीही नसताना नऊ हजार चारशे बारा माणसांना रोज भरलेलं वजन दाखवणारा काटा त्यांनी कुठे पाहिला नव्हता. आणि तो त्यांच्या स्वतःच्या खिशात होता.

"असं करा," ते म्हणाले. ते तिघं अजून त्यांना 'सर' म्हणत होते आणि ते ऐकायला गोड लागत होतं. "उद्या माझ्याबरोबर या. कालव्याकाठी. आपण चौघं धावू."

तिघांचे चेहरे उजळले. "प्रत्यक्ष तुमच्याबरोबर, सर?"

"प्रत्यक्ष."

"किती वाजता?"

"सहाला."

"नक्की सर! सहाला तयार राहतो," पहिला उठत म्हणाला, आणि जिन्यावरून त्याने वळून विचारलं, "लिंक पाठवाल ना?"

दार लागल्यावर निरीक्षकांनी बायकोकडे पाहिलं. ती पदर तोंडाशी धरून दुसरीकडे बघत होती. चकार शब्द काढायचा नाही असं ठरलं होतं आणि ती शब्दाला पक्की आहे. निरीक्षकांनी खात्याचा छापील नमुना घेतला आणि खाली सही करून चॅनेलवर लावला: 'प्रमाणित करण्यात येते की, सदर माप तपासणीअंती सदोष आढळल्याने आज रोजी सील करण्यात येत आहे. नऊ हजार चारशे बारा ग्राहकांची झालेली दिशाभूल निम्नस्वाक्षरीकाराच्या हातून झाली आहे.' मग चॅनेल बंद केलं. त्यानंतर त्यांना कोणी 'सर' म्हटल्याची नोंद नाही. पहिले काही दिवस ते दात घासायच्या आधी फोन हातात घेत, आणि तसाच ठेवून देत.

या कृतीचा सार्वजनिक परिणाम गंभीर झाला. ९,४१२ माणसांची प्रत्येकी १.९८ किलोमीटर, म्हणजे एकूण १८,६३५.७६ किलोमीटरची रोजची धाव एका सहीसरशी बंद पडली. इतकी धाव इतक्या कमी वेळात आजवर कुठेही थांबवली गेली नसेल. काही जण डॉक्टरांच्या चॅनेलवर गेले, पण तिथे शॉट साठ मीटरचे असल्याने त्यांना व्यायाम अपुरा पडतो. उरलेल्यांची फार आबाळ आहे. प्रस्तुत मजकूर त्यांच्याच सोयीसाठी, तात्पुरती व्यवस्था म्हणून तयार केला आहे. यात शर्यत सुरुवातीपासून शेवटपर्यंत दिलेली असल्यामुळे जो इथवर आला त्याने आपल्या नावावर दहा किलोमीटर लिहायला हरकत नाही. मध्ये फोन बघितला असल्यास तेवढा वेळ प्रामाणिकपणे वजा करावा. उठताना पायांना मुंग्या आल्यासारखं वाटलं तर घाबरू नये. पहिल्या दिवशी होतं असं.